धवलारणीला बसायला जागा द्या

मा. आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका यांस,



गेल्या वैशाखात आमच्या घरी पुतणीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी पहाटे मांडवात धवला लागला. ‘लागला’ असंच म्हणायला हवं, कारण तो पेनड्राइव्हवर होता. साउंडवाल्या पोराने कुठल्याशा धवलारणीच्या आवाजातली सगळी गाणी ओळीने भरून आणली होती. आवाज खणखणीत होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्पीकरमधली बाई हळद दळायच्या गाण्यावर आली आणि आमच्याकडे हळकुंडंच सापडेनात. हळकुंडं स्टीलच्या डब्यात, डबा टेम्पोत आणि टेम्पोवाला चहा प्यायला नाक्यावर. जात्यापाशी पाच जणी रिकाम्या हातांनी बसलेल्या, आणि धवला आपला पुढे. हळद दळून झाली, पाणी भरून झालं, उंबराची डहाळी मांडवात आली; सगळं स्पीकरमध्येच. मी त्या पोराला म्हटलं, “अरे, थांबव जरा.” तो म्हणाला, “काकी, मध्येच बंद केला तर परत पहिल्या गाण्यापासून लागतो.”

कोपऱ्यात भिंतीला टेकून आमच्या भावकीतली एक म्हातारी बसली होती. ऐंशी कधीच ओलांडलेली. एके काळी आजूबाजूच्या चार गावांची लग्नं तिनेच लावली. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन कान दिला, तर ती अजून हळदीच्याच गाण्यावर होती. स्पीकर पुढे निघून गेला होता आणि ही हळकुंडांसाठी थांबली होती.

तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. आयुक्त बदलीवर येतात आणि बदलीवर जातात, म्हणून आधी थोडं मागचं सांगते. कंटाळा आला तर पान उलटा, पण शेवटची मागणी तेवढी वाचा.

धवलारीण म्हणजे आगरी लग्न लावणारी बाई. लग्नात गाणी म्हणणारी बाई, असं शहरातले लोक समजतात. पण तिच्या गाण्याशिवाय आमच्याकडे विधी पुढे सरकायचाच नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाला धवला ठरलेला. कोणत्या देवाला आधी आवतण, नवरीच्या हातात काय द्यायचं, मामाने कुठे उभं राहायचं, हे सगळं त्या गाण्यात सांगितलेलं असतं. पोथी नाही, कागद नाही. भटजी आणि छापील पत्रिकेतला मुहूर्त पुष्कळ घरांत नंतर आला. पुण्यात बायका पौरोहित्य शिकू लागल्या तेव्हा पेपरांनी कौतुकाने फोटो छापले. छापायलाच हवे होते. फक्त तेव्हा आमची आजी हसून म्हणाली होती, आता शिकतात होय!

आजी स्वतः धवलारीण होती. आजोबा लवकर गेले. एरवी ज्या बाईला हळदीकुंकवाच्या ताटापासून चार हात लांब बसवतात, तिलाच लग्नघरी गाडी पाठवून बोलावून आणायचे. ती पोचेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. गावच्या बैठकीत पुरुष बोलायचे, पण कुणाची मुलगी कुठल्या घरात द्यायची नाही, यावर आजीचा शब्द चालायचा. चार गावांच्या घराघरांत मांडवाखाली बसलेली बाई होती ती, कुठे काय शिजतं हे तिला ठाऊक असायचं. पुढारीण हा शब्द तिला कुणी लावला नाही. तिने तो लावूनही घेतला नसता.

तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीच्या स्वयंवराचे धवळे ऋद्धपूरला गोविंदप्रभूंसमोर गायले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तिचा ‘धवळा’ आणि आमचा ‘धवला’ हा शब्द एकच. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, एवढाच फरक. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा चौकाचौकात फलक लागले. मराठी किती जुनी, याचा गळ्यातला पुरावा त्या फलकांपासून दोन गल्ल्या आत, गावठाणात जिवंत बसला होता. त्याच्याकडे कुणी गेलं नाही.

आणि कुणी म्हणजे दुसरं कुणी नव्हे. मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पोरं ‘गारी’ म्हणाली की मी ‘गाडी’ करायची, ‘हलद’ची ‘हळद’ करायची, लाल पेनाने. घरी आजी ओटीवर बसून धवला म्हणते आहे आणि मी आत वह्या तपासते आहे, असं किती वर्षं चाललं. एकदा, अगदी उशिरा, मी वही घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, सांग, लिहून घेते. तिने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आदी खाली बस गो. उब्या उब्या गानं येतं काय?” मी बसले. तिने माझ्यापुढे सूप सरकवलं. तांदूळ निवडायला लावले आणि मग गाऊ लागली. हात कामात गुंतले की तोंडाने सूर धरायचा, अशी तिची पद्धत. लिहायला हात मोकळा राहिलाच नाही. त्या दुपारी मला तीन गाणी आली. पुढच्या दुपारी मी गेले नाही, पेपर तपासायचे होते. आजी १९९८ साली गेली. मला अजून ती तीनच गाणी येतात.

आमची जमीन कशी गेली हे आपल्या कार्यालयातल्या कपाटात असेल. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली मिळून ९५ गावं आखली गेली. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला जासईच्या बाजूला, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत मिळाले ते त्या लढ्यामुळे. आई त्या मोर्च्याला गेली होती, शेजारच्या बायांबरोबर, डोक्याला पदर गुंडाळून. ती हे सांगायची तेव्हा तिच्यापुढे सुक्या जवळ्याचं ताट असायचं, काडीकचरा निवडून टाकता टाकता सांगायची. म्हणजे तीही खाली बसूनच.

आगरी हे नाव आगरावरून पडलं, मिठाच्या आगरावरून. उधाणाचं पाणी बांधाआड घ्यायचं, उन्हात आटवायचं, पांढरं झालं की ओढायचं आणि टोपल्या भरून बायांनी डोक्यावरून रचायचं. दुसरीकडे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत भात. खारं पाणी सोसणारा तांबडा राता तिथे व्हायचा. आजीच्या गाण्यांत बांध होता, उघाडी होती, मीठ होतं, खाडीपलीकडची घारापुरी होती आणि डोंगरावरची एकवीरा होती. आज पाम बीच रोडने जाताना माझी नात खिडकीतून फ्लेमिंगो मोजते. तिला उघाडी म्हणजे काय हे मी हाताने करून दाखवते. भरतीचं पाणी आलं की मिटायची, ओहोटीला उघडायची अशी लाकडी झडप, बांधाच्या तोंडाशी. ती म्हणते, “म्हणजे वॉल्व्ह.” बरोबर आहे. वॉल्व्हच. पण वॉल्व्हवर गाणं कुठून येणार?

विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, ही त्यातलीच. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि त्याच डिसेंबरात विमानं उडू लागली. माझा भाचा तिथे नोकरीला लागावा अशी माझीही इच्छा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आमची एक आत्या त्या दहांतल्या एका गावात दिलेली. तिच्या सासरच्या धवल्यात देवीचं आवतण टेकडीच्या पायथ्याशी जायचं. आता टेकडीच नाही. मी विचारलं, मग काय करता? आत्या म्हणाली, “आमी अजून टेकरीचंच नाव घेतो. देवी समजून घेते.” सध्या ती टेकडी आहे तर तेवढ्या एका गाण्यातच आहे, आणि ते गाणं येणारी बाई त्र्याऐंशी वर्षांची आहे.

हे फक्त आगऱ्यांचं आहे असं आपल्याला वाटू नये, म्हणून शहराच्या भिंतींकडे बघा. उड्डाणपुलांच्या खांबांवर, शाळांच्या कुंपणांवर वारली माणसं फेर धरून नाचताना दिसतात. ही चित्रं मुळात पालघर-डहाणूकडच्या वारली बायांची. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची, आणि धवलेरी गाऊन लग्न लावायची. ऐकलंत ना नाव? धवलेरी. ती आमच्या धवलारणीची सख्खी बहीणच. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. थोर माणूस, त्यांचा मान आहेच. पण चित्र भिंतीवरून कागदावर गेलं तेव्हा बायांच्या हातातून पुष्कळसं पुरुषांच्या हातात गेलं, आणि धवलेरीचं गाणं तर कागदावर जाऊच शकलं नाही. ते मागे राहिलं. आपण भिंतीवर जे रंगवून घेतो ते मुकं झालेलं लग्न आहे.

आता पावसाळ्याच्या तोंडाला एखाद्या सकाळी आपल्याच शहरातल्या कुठल्याही स्टेशनबाहेर जा. कर्जत-पनवेलकडून कातकरी आणि ठाकर बाया शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन आलेल्या असतात. जांभळट दांडे, पानाच्या बंदाने बांधलेले. जुडीबरोबर बाई हिरवी आंबट काकडं देते, न मागता. नवखं गिऱ्हाईक म्हणतं, हे कशाला, नको. मग ती सांगते, काकडं नाही घातलीस तर घसा खाजंल. शेवळातली खाज काकडाच्या आंबटाने मरते, आधी नीट चिरून, तेलावर परतून. टाकळा कधी खुडायचा, भारंगीची पानं कोवळी कुठवर समजायची, कुठला कंद चार पाण्यांनी उकळायचा, हे तिच्या बोटांत आहे. कातकरी ही केंद्राच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. माणसाला वाचवायची योजना त्या यादीवरून होते, पण त्या बोटांतलं तिच्या मुलीच्या बोटांत कसं जाणार, याचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

मी अशाच एकीकडून दोन जुड्या घेतल्या त्या दिवशी तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी शेजारी होती. आई जुडी बांधायची, मुलगी बंदाला गाठ मारायची. गाठ सैल झाली की आई न बोलता सोडून परत तिच्या हातात द्यायची. दोघी फुटपाथच्या कडेला अर्ध्या उठून बसलेल्या, टोपलीच्या कानात एक हात. कुणी उठ म्हटलं की पळायची तयारी. त्या बसण्याला बसणं म्हणत नाहीत, साहेब.

निवृत्तीनंतर मी ऑस्ट्रेलियातल्या ऊजरू नूनुक्कल या मूळनिवासी कवयित्रीबद्दल वाचलं. १९६४ साली तिचा कवितासंग्रह आला. तिथल्या आदिवासी बाईचा छापलेला तो पहिलाच. नाव झालं, सरकारने पदक दिलं. नंतर ती आपल्या मिंजेरिबा बेटावर परतली, एका कॅरव्हॅनमध्ये राहिली, आणि तिथे पोरं गोळा करू लागली. काळी-गोरी दोन्ही, हजारोंनी. त्यांना समुद्रावर न्यायची, रानात काय खावं हे दाखवायची आणि गोष्टी सांगायची. त्या जागेचं नाव मूनगालबा. तिच्या भाषेत त्याचा अर्थ ‘बसायची जागा’. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून उगाच ओटीवर जाऊन बसले. कुठलं ते बेट, कुठली आमची आजी, पण आधी खाली बस असंच दोघी सांगत होत्या. १९८७ साली तिने ते पदक सरकारला परत केलं. गोऱ्यांच्या वसाहतीला दोनशे वर्षं झाल्याचा सोहळा होणार होता, त्याच्या निषेधात. जागा मात्र तिने सोडली नाही.

आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. घरात गावठी बियाणं साठवत गेल्या आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याला त्यांच्या घराची खोली मिळाली, मडकी मिळाली, राखेत घोळवून ठेवायला हात मिळाले. खाऱ्या जमिनीतल्या भातासाठी तर पनवेलला सरकारी संशोधन केंद्रच आहे. रात्याला केंद्र मिळालं, राता सडताना आजी गायची त्या गाण्याला नाही मिळालं.

आता आमचा दोष. आमच्या हळदींत डीजे आम्हीच आणला. बेंजो, ऑर्केस्ट्रा, रात्रभर नाच, मटणाच्या पंगती; भूखंडाचे पैसे आले आणि धवलारणीच्या वाट्याचा वेळ आम्हीच कापला. आधी अर्धा तास, मग दोन गाणी, मग पेनड्राइव्ह. समाजाच्या बैठकांत हळदीचा खर्च आवरा म्हणून ठराव होतात आणि ठराव मांडणाऱ्याच्याच घरी पुढच्या आठवड्यात डीजेचा ट्रस लागतो. त्यामुळे महापालिकेने आमची संस्कृती बुडवली, असं मी म्हणणार नाही.

मला भवन नको आहे. नेरुळला आगरी कोळी भवन आहे, चांगलं आहे, तिथली लग्नं एसीत होतात. महोत्सवही नको. महोत्सवात आमच्या बायांना नऊवारी नेसवून, नथ घालून स्टेजवर उभं करतात, दोन मिनिटं गाऊन घेतात आणि निवेदक म्हणतो, वेळेअभावी पुढच्या कार्यक्रमाकडे वळूया. शाल-श्रीफळ तर मुळीच नको, घरात शालींचा ढीग आहे.

मागणी लहान आहे. गावठाणांतल्या समाजमंदिरांत, जिथे दुपारी कुलूपच असतं, तिथे आठवड्यातून एक दुपार द्या. एक जाजम, एक जातं, चार सुपं, पाच किलो तांदूळ. वर पंखा चालता असावा, म्हाताऱ्या बाया येणार आहेत. शाळेतल्या संगीत शिक्षकाला तासाचे जे देता तेच धवलारणीला द्या, खात्यात, महिन्याच्या महिन्याला, मानधन म्हणून. बक्षीस म्हणून नको. महापालिकेच्या शाळांतल्या ज्या मुली येतील त्या येऊ द्या. आगऱ्यांच्याच हव्यात असं नाही. माझ्या वर्गात बुलढाण्याच्या, गोरखपूरच्या, गुलबर्ग्याच्या मुली होत्या. त्यांच्याही आज्या गावी दळताना गात असतील. परीक्षा घेऊ नका, प्रमाणपत्र देऊ नका. मोबाइलवर रेकॉर्ड करायला कुणी आलं तर करू द्या, मात्र हळकुंडं सापडेपर्यंत धवलारीण थांबते तेही रेकॉर्ड होऊ द्या. मध्ये कापू नका.

आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रानभाज्यांच्या दिवसांत, मंडयांमधले रिकामे पडलेले काही ओटे रानातून येणाऱ्या बायांना द्या. त्यासाठी कसला बोर्ड लावायची गरज नाही. तिला पूर्ण बसता आलं पाहिजे आणि तिच्या मुलीला गाठ नीट मारायला वेळ मिळाला पाहिजे.

भावकीतल्या त्या म्हातारीला मी विचारलं, शिकवशील का? ती म्हणाली, “कोन येतंय?” मी सध्या माझ्या नातीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना आणते, एक त्यातली तमिळ आहे. बुधवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, आमच्या ओटीवर. आतापर्यंत अडीच गाणी झाली. अर्धं यासाठी की तिसऱ्या गाण्याच्या मध्येच म्हातारीला झोप लागली.

एखाद्या बुधवारी आपण यावं. गाडी पाम बीच रोडवर सोडावी लागेल, गावठाणाच्या गल्लीत वळत नाही. चपला पायरीखाली. खुर्ची काढणार नाही, आधीच सांगून ठेवते. सूप हातात मिळेल, तांदळात खडे बरेच असतात.

आपली,
गावठाणातली एक निवृत्त शिक्षिका